दीडपटीच्या आत

९ मे, शुक्रवार. काम: एकाच गावाचे सहाशे वीस फोटो दोन मशीनवर चढवणे. दोन्ही एकाच वेळी चालू करणे. कोणतं किती वेळात संपवतं ते लिहिणे.

डायरीत एवढंच आहे. कशासाठी ते लिहिलेलं नाही, कारण ते विसरण्यासारखं नव्हतं. लॅपटॉपने ऑफिसातल्या मोठ्या मशीनच्या, म्हणजे वर्कस्टेशनच्या, दीडपट वेळात काम संपवलं तर मी नांदेडला आईजवळ राहायला जाणार होते. नाही संपवलं तर लातूरलाच राहणार होते. मधलं काही नव्हतं.

ज्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं काम करते, ते मोजणीचं ऑफिस आहे. आधी साखळी आणि टेप होता, मग दुर्बिणीची यंत्रं आली, आता ड्रोन आहे. गावावर ड्रोन फिरवायला अर्धा दिवस पुरतो. ते काम सर करतात. सर म्हणजे ऑफिसचे मालक, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, खुर्चीत न टिकणारे. ते फोटो आणतात आणि मी जोडते. एका फोटोतला दगड, बांध, पत्र्याचा कोपरा शेजारच्या फोटोत शोधायचा, त्यावरून जमिनीचा चढउतार काढायचा, आणि शेवटी ज्यावर पट्टी ठेवून मोजता येईल असा नकाशा तयार करायचा, हे सगळं गणित प्रोसेसर करतो. मी सुरुवातीला खुणा लावते, शेवटी चुका काढते आणि मधले तास मशीनच्या शेजारी बसते.

त्या मधल्या तासांनीच मला धरून ठेवलं होतं.

आई फेब्रुवारीत मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली. ती शहात्तर वर्षांची आहे आणि सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केलेली, त्यामुळे पेशंट म्हणून तिच्याइतकी वाईट बाई शोधून सापडणार नाही. वॉकरला हात लावत नाही आणि औषधांच्या चिठ्ठीवर स्वतः खाडाखोड करते. तिच्याजवळ राहायला एक मावशी ठेवल्या होत्या. मेच्या शेवटी त्या जाणार होत्या. देगलूरला लेकीचं बाळंतपण होतं. मी दर शनिवारी दुपारच्या एसटीने नांदेडला जायची आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत यायची. साडेतीन तास तिकडे, साडेतीन तास इकडे. अहमदपूरच्या स्टँडवरच्या चहावाल्याने मला न विचारता बिनसाखरेचा चहा द्यायला सुरुवात केली, तेव्हा हे फार दिवस चालणार नाही हे मला कळलं.

आईला मी लातूरला ये म्हणाले होते.

"तुझी खोली दुसऱ्या मजल्यावर," ती म्हणाली. "आन् नळ आठ दिवसाला. आंघोळीला पाणी न्हाई त्या गावात येऊन मी काय करू माय? तुझं मशीन बघत बसू?"

"मग मी इकडे येते."

"ये की. पर नोकरी सोडून येऊ नको. दिवसभर दोघी घरात बसलो तर येकमेकीचं डोकं खाऊन मरू."

ते खरं होतं. नांदेडला दोन ऑफिसांत मी विचारूनही आले होते. एकावन्नाव्या वर्षी 'कळवतो' या शब्दाचा अर्थ समजायला वेळ लागत नाही.

नांदेडला बसून इंटरनेटवरून लातूरचं मशीन चालवायचं, हेही मार्चमध्ये करून बघितलं होतं. चालतं. लाईट जाईपर्यंत चालतं. लाईट गेली की यूपीएस पंधरा मिनिटं धरतो. तेवढ्यात जिन्याखालचा खटका कुणीतरी इन्व्हर्टरकडे वळवावा लागतो. नाही वळवला तर मशीन बंद पडतं, आणि बंद पडलेल्या मशीनचं बटण नांदेडहून दाबता येत नाही. सर दिवसभर साइटवर असतात, घरी आल्यावरच ते दाबतात, आणि ऑफिसात तिसरं माणूस नाही. दोन दिवसांत माझं काम तीनदा मेलं. सोमवारी परत येऊन मी ते पहिल्यापासून लावलं.

एप्रिलमध्ये सरांशी स्पष्ट बोलले.

"जा की मॅडम," ते म्हणाले. "मी काय तुम्हाला दोरीनं बांधून ठेवलंय का?"

"मशीनने ठेवलंय."

"मग मशीन सोडा, लॅपटॉप घ्या. नवा घेतलाय तो काय माझ्या फोटोंना हार घालायला? हार्ड डिस्क मी एसटीच्या पार्सलने पाठवत जाईन."

"लॅपटॉप एवढं ओढेल का?"

"ते तुम्ही सांगायचं. पावसाच्या आत आठ गावं द्यायचीत. दीडपट वेळ लागला तर मी सांभाळून घेतो. त्याच्यावर गेलं तर आपण गेलो. दीडपटीच्या आत बसवा आणि खुशाल जा."

सर खोटं बोलत नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही.

वर्कस्टेशन हलवायचा प्रश्न नव्हता. नकाशे छापायचा प्लॉटर, आजवरची सगळी गावं आणि सर स्वतः त्यालाच जोडलेले होते. ऑफिस सरांच्या घराच्या तळमजल्यावर आहे आणि ते मशीन आतल्या खोलीत, खिडकीखाली. गुडघ्याएवढं काळं कॅबिनेट. त्यावर मी स्वतः छापून चिकटवलेला कागद होता: 'हात लावू नये. कुणीही.' एकदा सरांकडच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी त्याला मोबाईल चार्जिंगला लावताना बटण दाबून माझं सहा तासांचं काम घालवलं होतं, तेव्हापासूनचा तो कागद.

लॅपटॉप मागच्याच वर्षीचा. गंमत अशी की त्याच्या प्रोसेसरचा आकडा वर्कस्टेशनच्या प्रोसेसरपेक्षा मोठा आहे. दुकानदाराने तोच आकडा दाखवून तो विकला होता. आकड्याच्या मागे एक अक्षर असतं, त्याबद्दल तो काही बोलला नाही. ते अक्षर सांगतं की हा प्रोसेसर किती वीज खाऊ शकतो आणि किती वेळ. लॅपटॉपचा प्रोसेसर हुशार असतो, पण त्याला बोटभर जाडीच्या डब्यात राहायचं असतं. जोरात धावला की तापतो, तापला की स्वतःच पाय आखडता घेतो. वर्कस्टेशनच्या प्रोसेसरवर मुठीएवढं धातूच्या पात्यांचं धूड आणि त्यावर पंखा असतो. तो तेवढ्याच वेगाने दिवसभर चालत राहतो. निदान तसं असायला हवं.

शुक्रवारी सकाळी साडेआठला मी दोन्ही मशीन चालू केली. फोटो निलंग्याकडच्या एका गावाचे. सॉफ्टवेअर तेच, सेटिंग तेच, लॅपटॉप चार्जरला लावलेला. यातलं थोडं गणित उचलणाऱ्या ग्राफिक कार्डचा वाद नव्हता; वर्कस्टेशनचं कार्ड गेल्या वर्षी गेलं तेव्हापासून सगळा भार प्रोसेसरवरच होता, आणि लॅपटॉपचं मी बंद केलं. दोन्ही पडद्यांच्या कोपऱ्यात प्रोसेसरचा वेग आणि तापमान दाखवणारी एक छोटी खिडकी उघडून ठेवली. ती मला खरं तर लॅपटॉपसाठीच हवी होती. वर्कस्टेशनवर लावली ती दोन्हीकडे सारखं असावं म्हणून.

मग शटर अर्धं खाली ओढलं, खिडक्या लावल्या आणि दोन टेबलांच्या मधे खुर्ची घेऊन बसले. बाहेर नऊलाच डांबर मऊ व्हायला लागलं होतं. कूलर होता, पण त्यात घालायला पाणी नव्हतं, म्हणून तो नुसती गरम हवा फेकत होता. डावीकडे एक पंखा घोंघावत होता, उजवीकडे दुसरा. उठून जावं असं काहीच काम नव्हतं आणि उठून जाताही येत नव्हतं.

पहिली पंधरा मिनिटं लॅपटॉप पुढे होता. फोटो उघडणं, यादी करणं, खुणा दाखवणं, ही हाताखालची कामं तो चटाचट करत होता. तिथे एका वेळी प्रोसेसरमधले एक-दोनच कोअर, म्हणजे गणित करणारे हात, लागतात आणि नवा प्रोसेसर त्यात तरबेज असतो. मी मनातल्या मनात आईच्या घरातली बैठकीतली भिंत मोजली. टीव्हीखालचं कपाट हलवलं तर टेबल बसत होतं.

मग जड काम सुरू झालं. सगळे कोअर कामाला लागले आणि आठ मिनिटांत लॅपटॉपचा वेग साडेचार गिगाहर्ट्झवरून तीनच्या खाली आला. हे मला अपेक्षितच होतं. मी त्याच्याखाली दोन डस्टर ठेवून त्याला उचललं, तेवढ्याने थोडा सुधारला. टेबलाचं कपाटाशेजारचं चित्र मी बाजूला ठेवलं आणि दीडपटीचा हिशोब करत बसले.

पण साडेअकराला दोघांची टक्केवारी जवळजवळ सारखी होती. साडेबारालाही. एक वाजून पन्नास मिनिटांनी वर्कस्टेशनचं काम संपलं: पाच तास वीस मिनिटं. सव्वादोनला लॅपटॉपचं: पाच तास पंचेचाळीस.

मी दोन्ही आकडे लिहिले, पुन्हा वाचले. दीडपट कुठली, दहाव्या हिश्श्याचाही फरक नव्हता. मी उठले आणि शटर वर केलं. ऊन आत आलं तरी तसंच ठेवलं.

सर त्या दिवशी उदगीरला होते. त्यांना फोन लावायला मोबाईल हातात घेतला होता. नंबर लावला नाही. कारण वर्कस्टेशनच्या पडद्यावरची ती छोटी खिडकी अजून उघडी होती. दिवसभर मी लॅपटॉपकडेच बघत होते. आता हिच्यात मागचे आकडे बघितले. तापमान नव्व्याण्णव. वेग दोनच्याही खाली. सकाळी नवापासून सतत.

मुठीएवढं धूड असलेलं मशीन लॅपटॉपसारखं धापा टाकत होतं. गेल्या हिवाळ्यापासून आम्ही दोघंही म्हणत होतो की मशीन जुनं झालं. वेळ जास्त लागायचा, पण गावंही मोठी येत होती. तापमान बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मशीन बंद केलं, वायरी काढल्या आणि बाजूचा पत्रा खोलला.

आत धूळ असेल अशी माझी कल्पना होती. धूळ होतीच. पण समोरच्या जाळीच्या आतल्या बाजूला, पंख्याच्या पात्यांत आणि मुख्य म्हणजे त्या धातूच्या धुडाच्या फटीफटींत झेंडूच्या पाकळ्या होत्या. वाळून तपकिरी झालेल्या, चुरा झालेल्या, थरच्या थर. त्यांत तांदळाचे दाणे. कुंकू तेलकट होऊन पंख्याच्या मधोमध घट्ट बसलेलं. एका पात्याला हाराचा दोरा गुंडाळलेला होता, वीतभर.

खंडेनवमी. हत्यारांची पूजा. सरांच्या घरी ती दरवर्षी होते: टेप, दुर्बीण, ड्रोन, गाडी आणि हे मशीन. ती करतात वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी. मी त्या दिवशी ऑफिसात कधीच नसते. दुसऱ्या दिवशीचा दसरा म्हणजे आमच्यासाठी धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि मी आदल्या दिवशीच नागपूरच्या गाडीत बसलेली असते. परत येईपर्यंत हार सुकून गळून गेलेला असतो आणि कुणीतरी झाडलोट केलेली असते.

मोबाईलमध्ये मागे जाऊन बघितलं. वहिनींनी मला त्या दिवशी फोटो पाठवला होता. मशीनला कुंकवाची बोटं ओढलेली आणि बरोबर समोरच्या जाळीवर, जिथून हवा आत जाते तिथे, जाडजूड हार चिकटपट्टीने लावलेला. मशीन चालूच होतं. बटणाचा निळा दिवा फोटोत स्पष्ट दिसतो. फोटोच्या खाली माझं उत्तर होतं: "छान दिसतंय वहिनी." गाडीत बसून, न बघता पाठवलेलं.

सात महिने ते मशीन हार गिळून बसलं होतं आणि मी शेजारी बसून ते जुनं झालं म्हणत होते.

मी पत्रा परत लावला. दोन स्क्रूही बसवले. मग मागे जाऊन चहा केला.

माझ्यापुढे काय होतं ते मला अगदी नीट दिसत होतं. कागदावर दोन आकडे होते, दोन्ही खरे. आज या ऑफिसात, या मशीनवर, एवढाच वेळ लागला होता. मी ते सरांना सांगितले असते तर ते म्हणाले असते, मॅडम, जा. मावशी जायच्या आत मी नांदेडला पोचले असते. पत्र्यामागे काय आहे ते बघायला कुणी आलं नसतं. आणि हा विचार मी फक्त चहा उकळेपर्यंत केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी मी तिथेच उभी होते.

शेवटी मी आत गेले ते फार थोर विचाराने नाही. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मोजण्या तपासते. साखळीला गाठ पडली होती हे कळल्यावर ती मोजणी मी कधी पुढे जाऊ दिलेली नाही. तिच्यावर लोक बांध घालतात. शिवाय मशीन असंच चालू राहिलं असतं तर जूनमध्ये जळलं असतं, आणि आठ गावांपैकी निम्मी त्यातच राहिली असती.

स्क्रू काढले. रंगाचा ब्रश, दात घासायचा जुना ब्रश आणि ड्रोनच्या पेटीतला हातपंप घेतला. पाकळ्या चिमट्याने वेचून स्टीलच्या वाटीत टाकल्या. वाटी भरली. दोरा कात्रीने कापून सोडवला. कुंकू काडीने खरवडलं. तीन वाजून पन्नास मिनिटांनी तेच सहाशे वीस फोटो पुन्हा लावले.

पंखा इतका हळू वाजत होता की मला आधी वाटलं तो फिरतच नाही. तापमान बासष्ट. वेग चार, आणि तिथून तो हलेना. मी टक्केवारी बघत बसले. इतकं चांगलं चाललेलं काम बघून मला कधी एवढा राग आला नव्हता.

साडेचारला लाईट गेली. यूपीएस ओरडायला लागला. मी उठेपर्यंत जिन्यातून वहिनींचा आवाज आला.

"मॅडम, लाईट गेली. तुमचं इन्व्हर्टरवर टाकू का?"

"टाका."

खट्ट आवाज झाला. यूपीएस गप्प बसला. काम चालूच राहिलं.

"टाकलं बरं का. पापड करून राहिले वर, दोन देते खाली. आणि ते शटर तरी ओढा, भाजून निघाल."

पाच मिनिटांनी त्या ताटलीत कच्चे पापड आणि हिरवी मिरची घेऊन आल्या. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबल्या. पूजेचा दिवस सोडला तर तिथून पुढे त्या येत नाहीत, सवयच नाही. ताटली मी हात लांब करून घेतली. वाटी टेबलाखाली सरकवली होती. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पावणेसातला काम संपलं. दोन तास पंचावन्न मिनिटं. लॅपटॉपला पाच तास पंचेचाळीस. जवळजवळ दुप्पट.

सातला सरांचा फोन आला. गाडीचा आवाज येत होता.

"काय निघालं मॅडम?"

"दुप्पट लागतोय."

"दुप्पट?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं बसेल. मशीन तर किती मागं पडलं होतं."

"आत कचरा होता. साफ केला. आता नव्यासारखं पळतंय."

"आता तीन तासांच्या आत होतंय का? मग तर लई बरं झालं! आठ गावं आरामात." मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे... तुमचं राहिलं."

"हो."

"जूननंतर बघू मॅडम."

"मावशी मेच्या शेवटी चालल्यात सर."

त्यांनी उदगीरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.

आईला फोन केला तर ती टीव्ही बघत होती.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"नाही म्हणतंय."

"हाव का." टीव्हीचा आवाज कमी झाला. "बरं. जेवलीस का?"

"पापड खाल्ला."

"पापड म्हंजे जेवण न्हाई. ऐक, मी आज वॉकर घेऊन फाटकापर्यंत गेले."

"खरं?"

"न्हाई. पर जाईन म्हणते. तू तिकडं तोंड पाडून बसू नको. सहा तास मशीनच्या तोंडाकडं बघत बसायला तुझी गरज काय, ते मला आजवर कळलं न्हाई. मी ड्युटीवर असताना सलाइन लावली की पुढच्या पेशंटकडं जायची. बाटली संपत आली की बाई हाक मारायची. पेशंटच्या घरची. तिला काय नर्सिंग येत होतं?"

"मशीन हाक मारत नाही आई."

"मग मारायला माणूस ठेव."

"माणूस नाही आमच्याकडे."

"बरं बाई," ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा झाला.

मी खोलीवर गेले, भात टाकला आणि खाल्ला. आईचं बोलणं मला उडवाउडवीचं वाटलं होतं. भांडी घासताना खट्ट असा तो आवाज आठवला. मग मार्चमधले ते दोन दिवस आठवले, तीनदा मेलेलं काम आठवलं. वहिनी तेव्हाही वरच होत्या. ज्या दिवशी कामं मेली त्या दिवशीही त्यांनी वरच्या घराचा खटका वळवलाच असणार.

मी चुकीची गोष्ट मोजली होती. खुणा लावायला आणि चुका काढायला लॅपटॉप पुरत होता, उलट जरा पुढेच होता. मधले तास वर्कस्टेशनचे होते, आणि त्या तासांत माझ्याकडून फक्त एका खटक्याची आणि एका बटणाची गरज होती.

शनिवारी सकाळी साडेसातला ऑफिस उघडलं. फडकं ओलं करून कॅबिनेटवरचा कागद भिजवला. मी चांगला गोंद वापरला होता. 'कुणीही' निघायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग टेबलाखालची वाटी घेतली आणि जिना चढून वर गेले.

वहिनी भाकरी थापत होत्या. मी वाटी ओट्यावर ठेवली.

"हे काय हो? कुठल्या देवाचं निर्माल्य?"

"मशीनमधून निघालं. नवमीचं."

त्यांचा हात पिठातच थांबला. "अगं बाई. बिघडलं?"

"नाही. सुधारलं."

"मॅडम, शपथ. मी हात नाही लावला. तुमचा कागद वाचूनच गेले होते. नुसता हार घातला, आणि कुंकूसुद्धा लांबून."

"कागद काढला मी," मी म्हणाले. "मार्चमध्ये मी नांदेडला होते तेव्हा लाईट गेली होती. खालचा खटका टाकला नव्हता ना तुम्ही?"

"खाली कुलूप होतं. कुणी नाही म्हटल्यावर कुणासाठी टाकू?"

"मशीनसाठी. आणि बंद पडलं तर एक बटण दाबायचं. मी नांदेडहून फोन करीन."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे बघितलं. "साहेबांना विचारलंय?"

"अजून नाही. आधी तुम्हाला विचारते."

भाकरी फुगली, उतरवली, गॅस बंद झाला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, मग पुन्हा एकदा साबणाने धुतले. आम्ही खाली आलो. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या. मी आत जाऊन खुर्ची बाजूला सरकवली, तेव्हा आत आल्या.

मी मशीन मुद्दाम बंद केलं. निळा दिवा विझला.

"आता तुम्ही चालू करा," मी म्हणाले.

त्यांनी वाकून कॅबिनेटकडे बघितलं. "कोणतं?"

"ते गोल."

त्यांनी एका बोटाने दाबलं, जरा जास्तच वेळ, आणि दिवा लागल्यावरही बोट काढलं नाही.